उलट्या पावलांनी

तासाला अकरा डॉलर मिळतात मला
उलटं चालायचे.
तोंड पाहुण्यांकडे, पाठ कॉलेजकडे,
आणि कुठे किती पायऱ्या ते टाचांना पाठ.
शनिवार सकाळ, ऑक्टोबर संपत आलेला, ढगाळ.
आयोवातला मका कापून झाला की चहूकडे नुसती जमीन उरते,
मग आमच्या चार इमारतीसुद्धा
जरा उंच दिसतात.

आज सातजण आहेत.
धान्य सोसायटीची टोपी घातलेले एक वडील,
त्यांची मुलगी, त्यांच्यापासून चार पावलं लांब चालणारी.
मिसेस काशुबा, जुळ्या मुलांना घेऊन,
घरूनच वहीत उभ्या रेघा मारून आलेल्या:
फी, जेवण, नोकरी, सुरक्षितता.
एक जोडपं, ज्यांचा मुलगा गाडीतून उतरलाच नाही.
आणि ओरिन, एकटा,
रात्रीच्या बसने आलेला, तोच शर्ट अजून अंगात.

मी सांगते: आमच्या वर्गात सरासरी अकरा विद्यार्थी.
सांगत नाही
की अकरा जणांत लपता येत नाही.
मागच्या हिवाळ्यात तीन दिवस मी अंथरुणातून उठले नव्हते,
तेव्हा भूगर्भशास्त्राचे हाल्व्हर्सन सर
सूपचा डबा घेऊन होस्टेलच्या दारात उभे राहिले,
बुटांवर बर्फ,
काय बोलावं ते त्यांनाही सुचत नव्हतं,
आणि मला त्यांचा भयंकर राग आला होता.
हे कोणत्या रकान्यात लिहाल, मिसेस काशुबा?

शितावरून भात कळतो म्हणतात,
पण आज शीतच वेगळं शिजवलंय.
पाहुणे असले की डायनिंग हॉलमध्ये सॅमन असतो.
मंगळवारी या. मंगळवारी बघा.

मी सांगते: ग्रंथालयात दोन लाख पुस्तकं.
सांगत नाही की जर्मन विभाग मे महिन्यात बंद झाला.
त्या तिसऱ्या मजल्यावरचे दिवे
आता कुणी हललं तरच लागतात.
मी तिथे वाचत बसते
आणि दर दहा मिनिटांनी हात हलवते,
फलाटावरून कुणाला निरोप द्यावा तसा.

टोपीवाले वडील विचारतात, पुढे काय करतात इथली मुलं?
छापील उत्तर तोंडातून आपोआप येतं: शेकडा ब्याण्णव.
त्या ब्याण्णवांत माझी डेल्फा आहे,
तत्त्वज्ञान शिकलेली,
डे मॉइनला विमा कंपनीत गारपिटीचे दावे तपासते.
परवा म्हणाली,
फोनवर माणूस रडायला लागला की मी मध्ये बोलत नाही.
बाकीचे बोलतात.
वडील मान डोलवतात, त्या ब्याण्णवांसाठी.
डेल्फाचं मी बोललेच नाही.

माझ्या डोक्यावर एकतीस हजारांचं कर्ज आहे.
खरा आकडा घरी सांगितलेला नाही.
तोही या वाटेत कुठेच येत नाही.

मनोऱ्यापाशी ओरिनने विचारलं,
तू पुन्हा इथेच आली असतीस?

फीचं उत्तर दिलेलं असतं आम्हाला,
ढेकणांचंसुद्धा दिलेलं असतं.
याचं नव्हतं.
टाच पायरी चुकली.
पडले नाही, पण वळावं लागलं,
आणि दोन वर्षांत पहिल्यांदा या कामावर असताना
मी कॉलेजकडे तोंड करून उभी राहिले.

मनोऱ्याला परांची, ऑगस्टपासून तिच्यावर माणूस नाही.
पाटीवरचं एक अक्षर गळालेलं.
आणि ग्रंथालयाच्या तिसऱ्या मजल्यावर
अंधारी खिडकी, मग झपकन उजेड:
कुणीतरी हात हलवत होतं.
माझ्याशिवायही कुणी तिथे बसतं
हे मला माहीतच नव्हतं.

ओरिन अजून वाट बघत होता.
म्हटलं, चल, एक मजला दाखवते.
तो यादीत नाही.

मिसेस काशुबांनी विचारलं, लिफ्ट आहे का?
नाही.
त्यांनी ते लिहून घेतलं
आणि जिने चढायला लागल्या.